थर्माकोलचा रस्ता

माझ्या लेकीने थर्माकोलवर रस्ता बांधायला घेतला, आणि ते ऐकून मी हसलो. पस्तीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? दगड, मुरूम, पाणी, रोलर, पुन्हा मुरूम. जड ते टिकतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच कळत होतं. आणि ही इंजिनियर होऊन मला सांगते, "बाबा, त्या जागेला वजनच नकोय."

जागा मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. पुलाला जाऊन मिळणारा चढ. खाली काळा चिखल, तो किती खोल आहे याचा पत्ता नाही. पंधरा वर्षांपूर्वी तो चढ मीच भरला होता. तीन वर्षांत दीड हात खचला. पुन्हा भरला, पुन्हा खचला. पूल जागच्या जागी आणि रस्ता खाली, त्यामुळे मध्ये पायरी तयार झाली. तिथे गाडी आदळली की लोक भराव करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचे, आणि कधी कधी त्याच गाडीत मागच्या सीटवर मीही असायचो. तोंड मिटून बसायचो.

ठकी म्हणजे माझी लेक. साइटवर मॅडम, कागदोपत्री आणखी काहीतरी लांबलचक, पण घरी ठकी. तिचं म्हणणं असं, की आपण जितकं भरतो तितकं ओझं चिखलावर पडतं आणि तितका तो दबतो. म्हणून जुना भराव उपसायचा आणि त्या जागी कडक फोमचे ठोकळे रचायचे. वर काँक्रीटची लादी, तिच्यावर खडी, तिच्यावर डांबर. वर काही आहे हे चिखलाला कळणारच नाही.

"टीव्हीच्या खोक्यात असतो तोच ना?" मी विचारलं.

"त्याचाच भाऊ. पण चांगला घट्ट. आणि थर्माकोल नका म्हणू, फोम म्हणा."

"बरं, फोम. म्हणून काय तो जड होणार आहे?"

"जड व्हायलाच नकोय हो," ती म्हणाली आणि तिच्या आईकडे बघून तिने कपाळावर हात मारला.

हे काम सुरू झालं आणि महिन्याभरात तिचा मुकादम सोडून गेला. नवा मिळेना. मी घरी बसून भिंतींशी भांडत होतो. शेवटी तिच्या आईनेच सांगितलं, "या माणसाला घेऊन जा गं, नाहीतर मी जाते." साइटवर सरकारतर्फे देखरेखीला एक सल्लागार होते. दर पाच मिनिटांनी मनगट बघायचे म्हणून मजूर त्यांना घड्याळसाहेब म्हणत. त्यांनी नाक मुरडलं. नात्यातली माणसं कामावर नकोत, उद्या काही झालं तर तुम्ही त्यांना पाठीशी घालाल, असं त्यांनी माझ्यादेखत ठकीला सांगितलं.

"गेटच्या आत ते माझे वडील नाहीत, मुकादम आहेत," ठकी म्हणाली. "चुकले तर दुसऱ्या कुणाला काढीन तसंच त्यांना काढीन."

मला अभिमान वाटला. झोंबलंही.

काम मात्र बघण्यासारखं होतं, हे कबूल करतो. एकेक ठोकळा चार हात लांब, कमरेपर्यंत उंच, आणि दोन माणसं तो गप्पा मारत उचलून न्यायची. तेवढा मुरूम टाकायचा तर अख्खा ट्रॅक्टर लागला असता. विटांसारखे सांधे चुकवून थर रचायचे, दोन थरांमध्ये दाते असलेले पत्रे ठोकायचे, कोपऱ्याला बसत नसेल तर तापलेल्या तारेने ठोकळा कापायचा. उन्हात त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे बघवत नसे. मला त्यावर चालताना चैन पडायचं नाही, कारण माझ्याच बुटांचा आवाज मला ऐकू यायचा नाही. भरावावरून चालताना आवाजावरून कळतं, इथे नीट दबलाय, इथे पोकळ आहे. इथे काहीच कळत नव्हतं. दिवसभर पाय आपले बिचकत चालायचे.

एकाच गोष्टीची ठकीला भीती होती. ठोकळे आले त्या पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना गोळा केलं, फोमचा एक तुकडा परातीत ठेवला आणि त्यावर वाटीभर पेट्रोल ओतलं. तुकडा बघता बघता विरघळला. परातीत बोटभर चिकट लगदा उरला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या.

"पेट्रोलने लगेच, डिझेलने सावकाश, पण जातो," ती म्हणाली. "म्हणून कुठलंही इंधन, कुठलंही तेल, ठोकळ्यांवर आणायचं नाही. मशीनमध्ये भरायचं ते गेटबाहेर. ज्याच्या हातात डबा दिसेल तो त्या दिवशी घरी."

"जादूचे प्रयोग," मी शेजारच्या माणसाच्या कानात म्हणालो. तो हसला, आणि मला बरं वाटलं.

आता माझी चूक सांगतो. ती मुकादमच करू शकतो, दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही आली नसती.

लादीच्या काँक्रीटला कडेने लोखंडी पाट्या लावतात, साच्यासारख्या. त्या पाट्यांना आतून तेल लावावं लागतं, नाहीतर काँक्रीट चिकटतं आणि पाटी काढताना कडा तुटते. आयुष्यभर हे तेल मी स्वतः बनवलं. गाडीचं जुनं काळं ऑइल, डिझेल, आणि पातळ व्हावं म्हणून थोडं पेट्रोल. प्रमाण मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या लादीची कडा सुरीने कापल्यासारखी यायची, आणि जुने कंत्राटदार ती लोकांना बोलावून दाखवायचे. ठकीने तेल बंद करून कुठलंसं पाण्यातलं पांढरं रसायन मागवलं होतं. मी ते एका पाटीवर लावून बघितलं. दुधासारखं ओघळून खाली आलं. त्याने काय होणार होतं?

लादीचं पहिलं काँक्रीट पडायचं त्या दिवशी मी साडेसहालाच साइटवर गेलो. पिशवीत माझा डबा होता, चार-पाच लिटरचा. पुलाच्या भिंतीला लागून जो कोपरा आहे, तिथली कडा आल्यागेल्याला दिसणार होती. निदान तेवढी तरी माझ्या हाताने चकचकीत यावी, असं वाटलं. तिचं पहिलं मोठं काम होतं. लोक म्हणाले असते, पोरीने काम चांगलं केलं. आणि मला ठाऊक असतं की ती कडा माझी आहे. एवढाच हिशेब होता, दुसरं काही नाही.

ठोकळ्यांवर जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता. कागदाच्या वर सळ्यांची जाळी. मी ब्रशने पाट्यांना तेल लावलं, जपून, एक थेंब खाली पडू दिला नाही. त्याच कोपऱ्यात पाणी जायचा पाइप कागदातून वर आला होता, आणि पाइपाभोवती कागदाला चीर होती. तिला चिकटपट्टी लावायची राहिली होती, ते कामही माझंच. डबा जाळीवर ठेवला आणि पट्टी आणायला स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरवाल्याला किल्ली सापडेना. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात मजूर आले आणि जाळीवरून चालू लागले. जाळीवर कुणी चाललं की ती झुलते, हे मी शंभर पोरांना ओरडून शिकवलंय.

परत आलो तेव्हा डबा आडवा पडला होता. रिकामा. कागदावर तेलाचा एक पट्टा उमटला होता, आणि तो थेट चिरेत गेला होता.

आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. मी खाली बसलो, फडक्याने कागद पुसला, चीर पुसली आणि वरून चिकटपट्टी लावली. दोन वेढे. नीट दाबून. फडकं डब्यात कोंबलं, डबा पिशवीत आणि पिशवी माझ्या शर्टांखाली, शेडमध्ये. हे सगळं हातांनी आपोआप केलं. डोकं नंतर आलं.

आठ वाजले. काँक्रीट दहाला सुरू व्हायचं होतं.

पहिला अर्धा तास मी स्वतःची समजूत घातली. एवढे थर आहेत, चार लिटर तेलाने काय होतंय. सगळं काही आत गेलं नसेल, थोडं वरच पसरलं असेल. मग तो परातीतला लगदा डोळ्यांसमोर आला. मी उठून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. उगाच एकाला झापलं. त्याने हेल्मेट घातलेलं होतं, तरी हेल्मेट का नाही म्हणून झापलं. तो बिचारा डोक्याला हात लावून बघू लागला. कोपऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला तिकडेच बघत होतो. वास येत होता. मलाच येत होता की सगळ्यांना, ते कळेना.

मला भीती नोकरीची नव्हती. नोकरी गेली तर परत भिंती होत्या. पण तो कोपरा पुलाला चिकटून आहे. तिथेच सगळ्या जड गाड्या पुलावरून उतरताना पहिलं चाक टेकवणार. खाली फोम पोकळ झाला की लादी अधांतरी राहणार. आज नाही मोडणार, वर्षाने मोडेल, दोन वर्षांनी मोडेल. तिथेच पायरी पडेल, जिथे माझी पडली होती, आणि सगळे म्हणतील, थर्माकोलवर रस्ता बांधते म्हणे. माझी लेक कुठल्यातरी गाडीत मागच्या सीटवर तोंड मिटून बसेल. का खचला ते तिला कधी कळणारही नाही. आपलंच गणित चुकलं असं ती समजेल.

साडेनवाला मी तिच्याकडे गेलो. ती नकाशा पसरून उभी होती, शेजारी घड्याळसाहेब.

"मॅडम, मला वाटतंय, खाली तेल गेलंय."

तिने मान वर केली. "कुठलं तेल?"

"डिझेल असेल. वास येतोय."

"कुणी सांडलं?"

ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी सायकल शिकताना मी मागून धरलंय ना, हे बघायला वळायची, तशी. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "कुणास ठाऊक. कुणाचं तरी सांडलं असेल."

"कुठे?"

आता कोपरा दाखवला असता तर पट्टी दिसली असती. सकाळी तिथे माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं, आणि पट्टी मी लावली हे स्टोअरवाला सांगणारच. म्हणून मी कोपऱ्याच्या सात-आठ पावलं अलीकडे हात केला. काँक्रीट ठासायचं व्हायब्रेटर मशीन कडेच्या फळीवर ठेवलं होतं, त्याच्या समोर. मनात म्हटलं, एकदा कागद फाडला की तेल तिथवर पसरलेलं असेल, दिसेल, मग माग काढत आपोआप पोचतील कोपऱ्यापर्यंत. माझं नाव न येता सगळं बाहेर येईल. इतका हुशार विचार मी आयुष्यात केला नव्हता.

मशीन चालवणारा घुम्या. त्याचं खरं नाव कुणाला आठवत नसे, कारण तो बोलायचाच नाही. ठकीने त्याला विचारलं, "मशीनमध्ये पेट्रोल कुठे भरलं?"

"गेटबाहेर," घुम्या म्हणाला.

"सांडलं होतं का?"

"नाही."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जाळीच्या सळ्या मोजायला लागलो.

जाळीच्या तारा कापल्या, जाळी उचलून धरली, ठकीने स्वतः सुरीने कागद चिरला. खाली फोम, पांढराशुभ्र, कोरडा. तिने गुडघे टेकून नाक लावलं. मग हात आत घालून सांधा चाचपला. घड्याळसाहेबांनी घड्याळ पाहिलं. गेटबाहेर काँक्रीटच्या दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या, त्यांची पिंपं गरगरत होती.

"काही नाही इथे," ठकी म्हणाली.

"अजून थोडं पलीकडे बघू," मी म्हटलं. "तिकडे, भिंतीच्या बाजूला."

"तिकडे का?"

"उतार तिकडे आहे."

"वास तरी येतोय का कुणाला?" तिने सगळ्यांना विचारलं. वारा उलटा होता. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. घुम्या आपलं मशीन उचलून लांब जाऊन उभा राहिला होता.

घड्याळसाहेब म्हणाले, "मॅडम, गाडी निघून चाळीस मिनिटं झालीत. काँक्रीट थांबत नाही. की दर पाच पावलांवर कागद फाडत बसायचंय?"

ठकी माझ्याजवळ आली. आवाज इतका हळू की फक्त मला ऐकू यावा. "बाबा, तुम्हाला हा रस्ता नकोच आहे ना?"

साइटवर आजवर तिने मला बाबा म्हटलं नव्हतं. मी काही बोललो नाही. बोलता आलं नाही असं नव्हे. तिने मला दारच दाखवलं होतं, की बाबांना थर्माकोल पटत नाही म्हणून ते काहीतरी कुरापत काढतायत. कुरापतखोर बाप चालतो. त्या दारातून मी गुपचूप बाहेर पडलो.

"चालू करा," ती वळून म्हणाली.

फाडलेल्या जागी दुहेरी कागद चिकटवला, जाळी बांधली. पहिली गाडी मागे मागे येत लांबच्या टोकाला लागली. काँक्रीट तिकडून सुरू होऊन माझ्या कोपऱ्याकडे सरकणार होतं. किती वेळ, हे मी झोपेतही सांगेन. तीन गाड्या. सव्वा तास.

काँक्रीट पडायला लागलं. मी फावडं घेतलं. मुकादमाने फावडं घ्यायचं नसतं, पण हात रिकामे राहवेनात. घुम्याचं मशीन घुरघुरत होतं, मजूर लांब फळीने ओढून सपाट करत होते, आणि ती ओली राखाडी रेघ हात हात पुढे येत होती. काम छान चाललं होतं. इतकं छान की मला रडू यायला लागलं. ठकी कडेने चालत होती, जाळी उचललेली आहे का बघत, जाडी मोजत. तिची आई घरच्या कामात अशीच दिसते, कुणी आपल्याकडे बघतंय हे विसरलेली.

दुसरी गाडी लागली. घुम्या मशीनची नळी घेऊन माझ्या शेजारी आला. मी त्याला म्हटलं, "तुझ्या मशीनवर मी आळ घेतला नव्हता." त्याने नळी काँक्रीटमध्ये खुपसली आणि काम करत राहिला. मग तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही मॅडमना सांगाल की मी तसा माणूस नाही." एवढंच. इतक्या महिन्यांत माझ्याशी बोललेलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

मी फावडं खाली टाकलं आणि जाळीवरून तसाच चालत कोपऱ्यात गेलो. पाइपापाशी उभा राहिलो.

"बंद करा," मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, पस्तीस वर्षांची सवय. गाडीवाल्याने सवयीने बंद केलंसुद्धा. ठकी धावत आली, तिच्यामागे घड्याळसाहेब.

"आता काय?" तिचा चेहरा लाल झाला होता.

"इथे उघड. तेल माझं आहे."

"काय?"

"माझं. घरून आणलं. पाट्यांना लावायला. काळं ऑइल, डिझेल, पेट्रोल. डबा या जाळीवर ठेवला, तो पडला. सगळं या चिरेतून खाली गेलं. मग मी वरून पट्टी लावली. ही. मघाशी तुला जागा दाखवली ती खोटी. मला ठाऊक होतं ती खोटी आहे. डबा शेडमध्ये आहे, माझ्या शर्टांखाली."

मशीनही बंद पडलं होतं. घुम्या तिथूनच बघत होता.

ठकीने सुरी काढली, मी लावलेली पट्टी कापली आणि कागद मागे ओढला. वास एकदम वर आला, सगळ्यांनाच आला. फोमचा वरचा ठोकळा पाइपाच्या भोवतीने खाली गेला होता, घमेलं बसेल एवढा खड्डा, कडा पिवळट, तळाशी काळा चिकट लगदा. बघता बघता एक कड आणखी ढासळली. लगद्याच्या मधोमध सांधा होता आणि त्यातून ते खालच्या थरात उतरलं होतं. किती खाली, ते वरून दिसत नव्हतं.

घड्याळसाहेबांनी पहिल्यांदाच घड्याळ पाहिलं नाही. "मॅडम, हे मुकादम आता..."

"मुकादम, गेटबाहेर जा," ठकी म्हणाली. त्यांचं वाक्य तिने पुरं होऊ दिलं नाही. "ओळखपत्र गेटवर द्या. उद्यापासून येऊ नका."

"हो, मॅडम," मी म्हटलं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि याहून वाईट शब्दांत.

गेटबाहेर बस थांबते तिथे बाकडं आहे. घरी जायला हवं होतं. दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या. मला बसवेना, उठवेना. कुंपणाच्या फटीतून बघितलं तर तिने काँक्रीट होतं तिथेच फळी लावून सरळ रेषेत थांबवलं होतं, अगदी नीट, मी शिकवलं होतं तसं, नव्हे, त्याहून नीट. तिसरी गाडी परत गेली. मग माणसं ठोकळे काढायला लागली. एक, दोन, चार. खालच्या थरातला ठोकळा वर आला तेव्हा त्याचा अर्धा कोपरा नव्हता. आणखी एक काढला, तो शाबूत होता. तिने हात वर केला, म्हणजे बस, इथपर्यंत. मी तिथे कुंपणाला धरून मोठ्याने रडलो. पानटपरीवाला बघत होता, बघू दे.

दुपारी तिच्या आईचा फोन आला. "जेवलात का?" मी म्हटलं, "हो." आज खोटं बोलायचं नाही असं ठरवून जेमतेम तीन तास झाले होते.

सहा वाजता ठकी बाहेर आली. हातात साइटचं रजिस्टर होतं. बाकड्यावर बसली, पण मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"सात ठोकळे गेले," ती म्हणाली. "नवीन उद्या येतील. परवा उरलेलं काँक्रीट."

"बरं."

"कुणालाही कळलं नसतं. तुम्ही गप्प बसला असतात तर."

"हो."

"मग सकाळी पहिल्याच वेळी का नाही सांगितलंत?" तिचा आवाज फुटला. "मी विचारलं होतं ना, कुणी सांडलं? सरळ विचारलं होतं."

"तू माझ्याकडे बघत होतीस," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले, मनगटाने, काँक्रीट लागलेल्या. मग रजिस्टर उघडून मांडीवर ठेवलं. "आजची नोंद लिहिली. तेलाचं सगळं लिहिलंय. तुमचं नाव, डबा, वेळ, काढून टाकलं तेही."

"वाच."

तिने वाचून दाखवलं. साडेनऊला व्हायब्रेटरजवळ तेल गळल्याचा संशय आल्याने कागद उघडला, काही आढळले नाही. पुढे कोपऱ्याचं, ते जसंच्या तसं. मी तिला थांबवलं.

"संशय कुणाला आला?"

तिने पेनाला टोपण लावलं.

"असं वाचून वाटेल, घुम्याच्या मशीनचं काहीतरी होतं. खोटी जागा मी दाखवली, ते नाही लिहिलंस."

"तेलाचं ते चूक म्हणून खपून जाईल, बाबा. वर्षभराने दुसरीकडे कुणीतरी घेईल तुम्हाला. ते लिहिलं तर कुणी घेणार नाही. कुठेच." ती रस्त्याकडे बघत होती. "ते नोंदीत नाही हे साहेबांच्या लक्षात नाही आलं. घुम्या तर बोलतच नाही."

म्हणजे ती मला पाठीशी घालत होती. साहेब म्हणाले होते तसंच, एका ओळीपुरतं. मला जितकं वाईट वाटलं तितकं दिवसभरात वाटलं नव्हतं. आणि तितकंच बरंही वाटलं, ते लपवत नाही.

"लिही," मी म्हटलं. "खाली तुझी सही आहे."

"बाबा..."

"लिही. मुकादमाने जाणूनबुजून चुकीची जागा दाखवली. मशीन आणि ते चालवणारा यांचा काही संबंध नव्हता. चालवणाऱ्याचं पूर्ण नाव घाल, मला माहीत नाही, तुला असेल."

तिला माहीत होतं. तिने ती ओळ खोडली, शेजारी छोटी सही केली आणि खाली नव्याने लिहिलं. बराच वेळ लागला. बस आली, दार उघडून थांबली आणि निघून गेली. मग तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी डोळे बारीक करून वाचलं. एकही शब्द मऊ केलेला नव्हता. तिने दाखवलं तिथे मी सही केली आणि पेन तिला परत दिलं.